खोटे मापाडी

गोव्याच्या उत्तरेला, पेडणे तालुक्यात, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे मोरजीचा किनारा आहे. त्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत एक म्हातारे तांडेल राहत होते. तरुणपणी त्यांनी शिडाची होडी हाकली होती. पुढे होड्यांना इंजिने आली, शिडे घडी होऊन माळ्यावर गेली आणि तांडेलही थकले. पण वाऱ्याशी असलेली त्यांची ओळख काही सुटली नाही. अंगणात बसून ते माडाच्या झावळ्यांकडे पाहत आणि सांगत, “आज खारा वारा उशिरा येणार.” आणि वारा उशिराच येई.

खारा वारा म्हणजे दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा. ऊन चढले की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा फिरतो. त्याला मतलई म्हणतात. जुने कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. तांडेलांचे सारे आयुष्य या दोन वाऱ्यांच्या मधे गेले होते.

त्यांची नात त्याच किनाऱ्यावर विंगफॉइलिंग शिकवत असे. पहिल्यांदा तिने ती विंग घरी आणली, तेव्हा आजोबांनी विंगला नीट हात लावून पाहिले. पुढची कड म्हणजे हवेने भरलेली एक जाड नळी. तिच्या मधोमध आणखी एक नळी मागे गेलेली. दोन्हींच्या आधाराने ताणलेले पातळ, चिवट कापड. धरायला मुठी आणि मनगटाला बांधायला एक दोरी.

“आजोबा, हे शीडच आहे,” नात म्हणाली. “फक्त डोलकाठी नाही. तिच्या जागी हवा भरायची. फ्रान्समधल्या दोघा भावांनी 1984 साली हवेने फुगणाऱ्या पतंगाचं पेटंट घेतलं. त्यातून पाण्यावरचे मोठे पतंग आले. आणि 2019च्या सुमाराला ही हातात धरायची विंग बाजारात आली.”

“म्हणजे हवेच्याच काठीने वारा धरायचा,” आजोबा म्हणाले. “चांगली युक्ती आहे. पण मला सांग, पायाखाली काय?”

नातीने बोर्ड उलटा करून दाखवला. बोर्डाच्या पोटाला एक उभी दांडी होती आणि दांडीच्या टोकाला विमानासारखे दोन पंख, पुढे मोठा आणि मागे लहान. ते पाण्याच्या आत राहतात. विंगने बोर्डाला ओढले, वेग आला, की पाण्यातले हे पंख विमानाच्या पंखांसारखे वर उचलतात. बोर्ड पाण्याबाहेर येतो, लाटांचा आवाज थांबतो आणि माणूस पाण्याच्या हातभर वरून तरंगत जातो. आजोबांनी ते एकदा किनाऱ्यावरून पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते विंगला ‘पंख’च म्हणू लागले.

एका फेब्रुवारीत पुण्याहून एक भाऊ आणि बहीण तिथे शिकायला आली. थोरला आडव्या हाडाचा, 88 किलो वजनाचा. धाकटी सडपातळ, 54 किलोची. नात रोज दुपारी वारा पाही, दोघांना पाही आणि प्रत्येकाच्या हाती एकेक विंग देई. कधी पाच चौरस मीटरची, कधी चारची, कधी सहाची. आठवड्याच्या शेवटी दोघेही दहा-दहा सेकंद पाण्यावर उडाली. ते दहा सेकंद मनात घेऊन ती पुण्याला परतली आणि दोघांनीही ठरवले की आता स्वतःची विंग घ्यायची.

दोघांनी पैसे साठवले. एप्रिलमध्ये ती पुन्हा मोरजीला आली, तेव्हा दोघांच्याही पाठीवर नव्या पिशव्या होत्या.

थोरल्याने पिशवी उघडली. आत चार चौरस मीटरची विंग होती, अतिशय कडक आणि हलक्या कापडाची. नेहमीच्या विंगच्या दुप्पट पैसे त्याने मोजले होते. धाकटीने तिची पिशवी उघडली. तिने साध्या कापडाची पण सहा चौरस मीटरची विंग आणली होती. ती फुगवल्यावर तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर धाकटीच्या उंचीच्या दुपटीहून जास्त भरले.

नात दोन्ही विंगांकडे पाहून म्हणाली, “घेण्याआधी मला एकदा विचारायचं तरी!”

ती आणखी बोलणार होती, पण आजोबांनी तिला हातानेच थांबवले. “राहू दे. वारा सांगेल.”

पुढचे चार दिवस खारा वारा बारा-तेरा नॉटचा होता. पाण्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसे, झावळ्या सळसळत. थोरला रोज पाण्यात जाई, गुडघ्यांवर उठे, विंग वर धरी आणि ओढीची वाट पाही. ओढ येई, पण त्याला उचलण्याइतकी नाही. बोर्ड संथपणे पुढे सरके, पाण्यातले पंख पाण्यातच राहत. तो विंग जोरजोराने हलवून पाही. हात भरून येत. संध्याकाळी तो बोर्ड काखेत धरून वाळूतून चालत येई आणि म्हणे, “इतकी महागडी विंग, आणि तिच्यात दमच नाही.”

धाकटी मात्र त्या चार दिवसांत दोन-तीनदा उडाली. पण तिचेही काही खरे नव्हते. विंग तिच्या हातांना जड जाई. जरा वाकली की विंगचे टोक पाण्याला लागे, पाणी ते ओढून घेई आणि ती पडे. तरी ती समाधानी होती. भावाला उडता येत नव्हते, तिला येत होते.

पाचव्या दिवशी दुपारी वारा वीस नॉटवर गेला. सगळा समुद्र पांढरा झाला. नातीने सांगितले, “आज सहाची नको.” पण धाकटी म्हणाली, “आजच तर मजा येईल.” तिने हेल्मेट घातले, जॅकेट घातले, दोरी मनगटाला बांधली आणि ती पाण्यात शिरली.

वारा बाराचा वीस झाला, तर ओढ दुप्पटसुद्धा होणार नाही, असे आपल्याला वाटते. ती पावणेतीन पट होते. कारण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. धाकटीला हे हातांनी कळले. विंगने तिला उचलले आणि फेकले. ती पुन्हा चढली, पुन्हा फेकली गेली. अशा वेळी मागचा हात सोडून फक्त पुढच्या कडेची मूठ धरायची असते. मग विंग झेंड्यासारखी फडफडत राहते आणि ओढत नाही. हे तिला शिकवलेले होते. पण घाबरलेला माणूस हातातली गोष्ट सोडत नाही, आणखी घट्ट धरतो. तिने दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि वायव्येचा वारा तिला दक्षिणेला, नदीच्या मुखाकडे नेऊ लागला.

शेवटी हात थकले आणि आपोआप सुटले. विंग दोरीच्या टोकाला तरंगत राहिली. धाकटी बोर्डावर पालथी पडून राहिली. खारा वारा निदान किनाऱ्याकडे आणतो. त्याने तिला टेंबवाड्याच्या बाजूला, जिथे सागरी कासवांच्या घरट्यांना कुंपण घालतात, तिथे वाळूवर आणून सोडले. भाऊ आणि नात धावत पोहोचले, तेव्हा ती थरथरत होती. तिला लागले नव्हते, पण ती म्हणाली, “मला ही विंग नको. आता मी पाण्यात जाणारच नाही.”

संध्याकाळी चौघे अंगणात बसले. दोन्ही विंगा माडाला टेकून ठेवल्या होत्या. थोरला आपल्या विंगला दोष देत होता, धाकटी आपल्या विंगला. आजोबांनी दोघांचे ऐकून घेतले आणि म्हणाले, “माझी एक गोष्ट ऐका.

“मी अठरा वर्षांचा होतो. बाबांची होडी लहान, तिचं शीडही लहान. शेजारच्या नाखव्याची होडी मोठी, तिचं शीड मोठं. बाजाराला ती रोज आमच्या आधी पोहोचायची आणि तिच्या मासळीला चांगला भाव यायचा. मला ते बघवत नव्हतं. एक दिवस बाबा आजारी होते. मी माझ्या मामाकडून त्याच्या मोठ्या होडीचं शीड मागून आणलं आणि आमच्या लहान होडीवर चढवलं. सकाळी होडी अशी पळाली, अशी पळाली, की मला वाटलं आपण आजपर्यंत उगाच मागे राहिलो. दुपारी परतताना नदीच्या मुखाशी वारा वाढला. होडी कलंडली. माणसं वाचली, मासळी गेली. घरी आलो. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘शीड मोठं केलंस, होडी मोठी केली नाहीस.’”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आजोबांनी थोरल्याला विचारले, “बाबा, खरं सांग. हा पंख घेताना तुझ्या डोळ्यांपुढे कोण होतं?”

थोरला खाली पाहून म्हणाला, “फेब्रुवारीत इथे एक पाहुणा होता. असाच चारचा पंख घेऊन तो लाटांवर उडत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते.”

“तो किती वजनाचा होता?” नातीने विचारले.

“असेल साठ किलोचा.”

“आणि तो वर्षानुवर्षं उडतो,” नात म्हणाली. “इतक्या वर्षांत त्याचे हात तयार झालेत. तो वाऱ्याच्या एका झुळकीवर विंग हलवून उठतो. एकदा पाण्याबाहेर आलं की बोर्डाला पाण्याचा विरोध राहत नाही, मग लहानशा विंगनेही काम भागतं. त्याला उठणं सोपं झालंय, म्हणून त्याला लहान पुरते. तुला अजून उठायचंच आहे.”

आजोबा धाकटीकडे वळले. “आणि तुझं काय गो? तुझ्या डोळ्यांपुढे कोण होतं?”

धाकटी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कोणी नाही. फेब्रुवारीत एक दिवस वारा पडला होता. सगळे कसेबसे उडत होते आणि मी एकटीच पाण्यात बसून राहिले होते. पुन्हा तसं बसायला लागू नये, म्हणून सगळ्यात मोठी घेतली.”

आजोबांनी मान डोलावली. “बाजारात धान्य मोजायला मापाडी असतो. मापाडी खरा असेल तर शेर शेरच भरतो. तुम्ही दोघांनी मापाडी चुकीचे बसवलेत. तुझं माप हेव्याने घेतलं, हिचं माप भीतीने घेतलं. हेव्याने मोजलं की दुसऱ्याचं माप आपल्याला येतं. भीतीने मोजलं की एका वाईट दिवसाचं माप सगळ्या दिवसांना येतं. दोघेही खोटे मापाडी. पंखांना कशाला दोष देता? पंख दोन्ही चांगले आहेत. उद्या अदलाबदल करा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी खारा वारा पंधरा-सोळा नॉटचा आला. थोरल्याने बहिणीची सहाची विंग घेतली. नातीने तिच्या पुढच्या नळीवर बोटाने टिचकी मारली. नळी मऊ वाजली. “आणखी हवा भर,” ती म्हणाली. “झडपेजवळ आकडा छापलेला असतो, तेवढा दाब हवाच. कमी भरली तर तुझ्या वजनाला ही मधे वाकेल आणि ओढ वाया जाईल.” थोरल्याने पंप मारला, टिचकी टणक वाजली. तो पाण्यात गेला आणि तिसऱ्या प्रयत्नात बोर्ड पाण्याबाहेर आला. किनाऱ्यावरून नात ओरडली, “आता सैल सोड!” त्याने विंग थोडी मोकळी केली, आणि तो जातच राहिला.

धाकटी पाण्यात जायला तयार नव्हती. आजोबा स्वतः काठी टेकत पाण्यापर्यंत आले. “हातात धरून तर बघ,” ते म्हणाले. तिने भावाची चारची विंग डोक्यावर धरली. ती तिच्या हातांना पेलली. तिने ती डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. टोक कुठेच पाण्याला लागले नाही. ती बोर्डावर चढली. विंगने तिला फेकले नाही, ओढलेही नाही. जणू हाताला धरून नेले. ती उडाली, पडली, हसली आणि पुन्हा चढली.

पण गोष्ट इथे संपली नाही. दोन दिवसांनी वारा अकरा नॉटवर उतरला आणि चारची विंग घेऊन धाकटी पुन्हा पाण्यात बसून राहिली. किनाऱ्यावर येऊन ती म्हणाली, “आजोबा, बघा. शेवटी मोठीच बरी होती.”

आजोबांनी तिला घराच्या भिंतीजवळ नेले. भिंतीवर खडूने रेघा ओढल्या होत्या. ती दोघे आल्यापासून आजोबा रोज दुपारी एक रेघ ओढत होते. मंद वाऱ्याच्या दिवशी आखूड रेघ, जोराच्या दिवशी लांब, इतर दिवशी मध्यम. आठ रेघांपैकी सहा मध्यम होत्या.

“पंख रोजच्या वाऱ्याचा घ्यावा,” आजोबा म्हणाले. “सणाच्या वाऱ्याचाही नको आणि सुतकाच्या वाऱ्याचाही नको. लग्नाची मोठी पातेली कोणी विकत घेऊन ठेवतं का? ती गावातून मागून आणायची आणि परत करायची. तसं आजच्यासारख्या दिवशी पोरीकडून पाचचा पंख भाड्याने घे. पुढे हात तयार झाले, हौस टिकली, तर दुसरा पंख घेशील. आणि पाचानेही उठवलं नाही, तर वाळूत बस. वारा नसला की आम्ही जाळी दुरुस्त करायचो. तेही समुद्राचंच काम आहे.”

धाकटीने ते ऐकले. त्या दिवशी तिने पाचची विंग घेतली. वारा आणखी पडला, तेव्हा ती विंग घेऊन माडाखाली आली आणि गोड्या पाण्याने तिने ती धुतली. झडपेतली वाळू काढली आणि विंग उन्हातून सावलीत आणून ठेवली. ऊन कापडाला खाते आणि बंद नळीतली हवा तापली की फुगून शिवणींवर ताण आणते, हे नातीने तिला सांगितले होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी थोरला पहाटेच उठला. समुद्र आरशासारखा होता आणि जमिनीवरून छान वारा सुटला होता. आता आपल्याला योग्य विंग मिळाली, मग कसली वाट पाहायची, असे म्हणून तो पाण्याकडे निघाला. आजोबा वाटेत उभे होते.

“हा मतलई,” ते म्हणाले. “पाणी सपाट दिसतं, कारण वारा जमिनीवरून येतो. तो तुला बाहेर नेईल आणि परत आणणार नाही. परवा तुझी बहीण वाळूवर आली, कारण तो खारा वारा होता. आमच्याकडे शीड होतं, वल्हं होतं, बरोबर चार माणसं होती, आणि दुपारपर्यंत थांबायची तयारी होती. तुझ्याकडे काय आहे? पंखाचं माप बरोबर असलं म्हणजे झालं असं नाही. वाऱ्याची दिशाही मोजावी लागते.”

थोरला मागे फिरला. आजोबांशेजारी अंगणात बसून त्याने चहा घेतला आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याची वाट पाहिली. वारा आला. माडाच्या झावळ्या आधी हलल्या, मग पाण्यावर फेस दिसला. आजोबांनी भिंतीवर एक मध्यम रेघ ओढली आणि दोघे भावंडे आपापला पंख घेऊन पाण्यात गेली.

तात्पर्य : कोणतेही साधन निवडताना आधी स्वतःला मोजावे, मग रोजच्या परिस्थितीला मोजावे आणि साधनाला शेवटी. विंग घ्यायला निघालेल्या माणसाने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझे वजन किती? मी जिथे उतरणार, तिथे बहुतेक दिवस वारा किती आणि कुठून असतो? आणि मला आज काय येते? या तिन्ही उत्तरांत शेजाऱ्याचे कौतुक नाही आणि कालची धास्तीही नाही. मुलाची शाळा निवडताना, घर घेताना, धंद्यात पैसे घालतानाही हेच प्रश्न विचारावेत. वाचकहो, हेवा आणि भीती हे दोन मापाडी प्रत्येकाच्या दारात तराजू घेऊन उभे असतात. त्यांना आपले माप घेऊ देऊ नका.